'बाहेर पडणे' : एका आर्थिक वादाचे भाषिक वाचन

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• 'आरसेप' या व्यापार करारासंबंधी भारतात झालेल्या वादातील दोन्ही बाजूंचे प्रमुख मुद्दे सांगता येतील;
• आर्थिक युक्तिवादातील वस्तुस्थिती, भाकीत आणि अपेक्षा यांत फरक करता येईल;
• 'बाहेर पडणे', 'तूट', 'फायदा' यांसारख्या शब्दांत दडलेली गृहीतके ओळखता येतील;
• 'आपण' या सर्वनामाचा युक्तिवादातील वापर तपासता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, नोव्हेंबर २०१९ मधील गोष्ट आहे. भंडारा येथील एका संपर्कसत्रात आम्ही वृत्तपत्रीय अग्रलेखाचे वाचन करीत होतो. एका मोठ्या व्यापार करारात सामील न होण्याचा निर्णय भारताने नुकताच जाहीर केला होता आणि त्या निर्णयामुळे आपला फायदाच झाला आहे, अशा आशयाचे विधान त्या अग्रलेखात होते. मोहाडी तालुक्यातील एका विद्यार्थिनीने हात वर केला. रोज पहाटे गावच्या संकलन केंद्रावर दूध घालून मगच ती वर्गाला येत असे. तिने विचारले, "सर, यातला 'आपला' म्हणजे आमचा का?" मी सहजपणे म्हणालो, "आपला म्हणजे देशाचा." त्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, "मग आता आमच्या दुधाला भाव वाढून मिळेल का?"

त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी अर्थशास्त्राचा नव्हे, भाषेचा अध्यापक, असे म्हणून वेळ मारून नेता आली असती. परंतु तिचे दोन्ही प्रश्न मुळात भाषेचेच होते. कोणाच्या वतीने बोलले जात आहे आणि नेमके काय विधान केले जात आहे, हे तिला समजून घ्यावयाचे होते. त्या प्रश्नांचे उशिरा दिलेले उत्तर म्हणून हा घटक वाचावा.

१. नेमके काय घडले?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. परदेशातून येणाऱ्या मालावर सरकार जो कर बसवते त्यास आयात शुल्क म्हणतात. समजा, परदेशी दूध भुकटी बंदरावर १०० रुपयांना उतरली आणि तिच्यावर ६० टक्के शुल्क असेल, तर देशात तिची किंमत १६० रुपये होते. काही देश एकत्र येऊन परस्परांच्या मालावरील असे शुल्क कमी करण्याचे किंवा काढून टाकण्याचे ठरवतात, तेव्हा त्यांच्यात मुक्त व्यापार करार झाला असे म्हटले जाते.

'प्रादेशिक सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी' हा अशा प्रकारचा करार होय. वृत्तपत्रांत तो 'आरसेप' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. आग्नेय आशियातील तेव्हाच्या दहा सदस्य देशांची 'आसियान' ही संघटना आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व भारत असे एकूण १६ देश वाटाघाटींत सहभागी होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये कंबोडियातील नॉम पेन्ह येथे या वाटाघाटींची घोषणा झाली. सात वर्षांनंतर, ४ नोव्हेंबर २०१९ रोजी, बँकॉक येथील शिखर परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भारत करारात सामील होणार नाही असे जाहीर केले. उरलेल्या १५ देशांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी करारावर स्वाक्षऱ्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून तो अमलात येऊ लागला. जगाच्या एकूण उत्पन्नापैकी आणि लोकसंख्येपैकी प्रत्येकी सुमारे ३० टक्के वाटा या देशांचा आहे.

२. क्रियापदाचा भार

या घटनेचे वर्णन करताना कोणी 'भारत बाहेर पडला' असे लिहिले, कोणी 'भारताने माघार घेतली', तर कोणी 'भारताने नकार दिला'. घटना एक, क्रियापदे तीन. प्रत्येक क्रियापद स्वतःबरोबर एक पूर्वगृहीत घेऊन येते.

'बाहेर पडणे' यात आधी आत असणे गृहीत आहे. गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला, या वाक्यातील 'वेगळा झाला' हे अगदी यथार्थ आहे, कारण त्याआधी तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. ब्रिटनच्या बाबतीतही हे क्रियापद नेमके लागू पडते. तो देश १९७३ पासून युरोपीय समूहाचा सदस्य होता, २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो युरोपीय संघाबाहेर पडला. भारत मात्र आरसेपचा सदस्य कधीच नव्हता. तो वाटाघाटींच्या खोलीतून बाहेर आला, करारातून नव्हे.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. सदस्य देश बाहेर पडतो तेव्हा हातात असलेल्या सवलती तो गमावतो. त्याच्या तोट्याचे मोजमाप काही प्रमाणात करता येते. सामील न होणारा देश गमावतो ती केवळ संधी, आणि टाळतो ती केवळ शक्यता. म्हणून भारताविषयीचा वाद मुख्यतः न घडलेल्या गोष्टींविषयीचा वाद आहे. 'माघार' हा शब्द युद्धभूमीवरचा असल्याने त्यात पराभवाची छटा येते, तर 'नकार' या शब्दात स्वाभिमानाची. लेखकाने कोणते क्रियापद निवडले यावरून त्याची बाजू पुष्कळदा पहिल्याच ओळीत कळते.

३. दोन बाजू

आता दोन्ही बाजूंचे युक्तिवाद त्यांच्या पूर्ण बळानिशी मांडून पाहू. विरोधी बाजू दुबळी करून मांडणे आणि मग तिचे खंडन करणे ही वादातील सर्वांत सोपी आणि सर्वांत निरुपयोगी रीत होय.

सामील न होण्याच्या बाजूने

पहिला मुद्दा दुधाचा होता. न्यूझीलंड आपल्या दुग्धोत्पादनाचा नऊ-दशांशाहून अधिक भाग निर्यात करतो. भारत जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक असला, तरी येथील उत्पादन दोन-चार जनावरे पाळणाऱ्या असंख्य कुटुंबांच्या हातांत विखुरलेले आहे. शुल्क हटल्यास स्वस्त भुकटीपुढे ही कुटुंबे टिकणार नाहीत, असे शेतकरी संघटनांचे आणि सहकारी दूध संघांचे म्हणणे होते.

दुसरा मुद्दा चीनचा. २०१८-१९ मध्ये भारताची चीनबरोबरची व्यापार तूट, म्हणजे आयात व निर्यात यांतील फरक, सुमारे ५४ अब्ज डॉलर होती. शुल्क नसताना ती आणखी वाढेल, अशी भीती होती.

तिसरा मुद्दा पूर्वानुभवाचा. आसियान देशांबरोबरचा वस्तू व्यापार करार जानेवारी २०१० पासून लागू झाला. २०१०-११ मध्ये त्या देशांबरोबरची तूट सुमारे ५ अब्ज डॉलर होती, ती २०१८-१९ मध्ये सुमारे २२ अब्जांवर गेली.

चौथा मुद्दा करारातील अटींचा. शुल्ककपातीसाठी २०१४ हे आधारवर्ष धरले जात होते. भारताने त्यानंतर अनेक वस्तूंवरील शुल्क वाढवले होते. त्यामुळे कपातीची सुरुवात जुन्या, कमी दरांपासून झाली असती. आयात अचानक वाढल्यास आपोआप शुल्क लागू करणारी तरतूद आणि तिसऱ्या देशाचा माल सदस्य देशामार्फत येऊ नये यासाठी मूळ देशाचे कडक नियम या भारताच्या मागण्या होत्या. त्या समाधानकारकपणे मान्य झाल्या नाहीत.

सामील होण्याच्या बाजूने

पहिला मुद्दा असा की, आजचे कारखाने पूर्ण वस्तू एका देशात तयार करीत नाहीत. सुटे भाग अनेक सीमा ओलांडून जातात. अशा साखळीच्या बाहेर राहणाऱ्या देशाकडे नवे कारखाने वळत नाहीत.

दुसरा मुद्दा तुटीच्या अर्थाचा. किराणा दुकानदाराशी आपली कायमची 'तूट' असते. आपण त्याच्याकडून माल घेतो, तो आपल्याकडून काही घेत नाही. तरी त्यास कोणी नुकसान म्हणत नाही. आसियान देशांकडून भारत पामतेल आणि कोळसा मोठ्या प्रमाणात घेतो, कारण त्याची येथे गरज आहे. म्हणून एका देशाबरोबरची तूट पाहून करार फसला असा निष्कर्ष काढता येत नाही.

तिसरा मुद्दा ग्राहकाचा आणि कच्चा माल विकत घेणाऱ्या उद्योगाचा. आयात शुल्काचा भार शेवटी त्यांच्यावरच पडतो.

चौथा मुद्दा असा की, दुधासारखा नाजूक विषय करारातून वगळून घेता येतो, त्यासाठी संपूर्ण करार सोडण्याचे कारण नाही. पुढे एप्रिल २०२२ मध्ये भारताने ऑस्ट्रेलियाबरोबर स्वतंत्र करार केला, तेव्हा दुग्धजन्य पदार्थ त्यातून वगळले होते. गंमत अशी की, हेच उदाहरण दुसरी बाजूही देते. एकेका देशाशी बोलून हवे ते मिळत असेल, तर सोळा जणांच्या करारात शिरण्याची गरजच काय, असे ती विचारते.

आपली प्रगती तपासा – १
'एकाच उदाहरणाचा आधार दोन्ही बाजू घेऊ शकतात' हे विधान वरील विवेचनाच्या आधारे चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.

४. क्रियापदांचे अर्थ आणि विधानांचे प्रकार

मराठी व्याकरणात तुम्ही क्रियापदाचे चार अर्थ अभ्यासले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. परीक्षेपुरते पाठ केलेले हे वर्गीकरण आर्थिक वाद वाचताना विलक्षण उपयोगी पडते. पुढील वाक्ये पाहा.

(अ) चीनबरोबरची तूट वाढली.
(आ) करार झाल्यास दुधाचे भाव पडतील.
(इ) करार झाला असता तर तूट आणखी वाढली असती.
(ई) भारताने बाहेरच राहावे.

(अ) हे स्वार्थातील, भूतकाळी विधान आहे. आकडे पाहून त्याचा खरेखोटेपणा ठरवता येतो. (आ) भविष्यकाळी आहे. ते भाकीत आहे, आणि तेही अटीवर अवलंबून असलेले. (इ) संकेतार्थी आहे. जे घडलेच नाही त्याविषयीचे हे विधान असून ते थेट पडताळून पाहण्याचा मार्ग नाही. (ई) विध्यर्थी आहे. त्यात वस्तुस्थिती नव्हे, तर अपेक्षा आणि मूल्य व्यक्त होते. वादात बहुतेक घोटाळा होतो तो (अ)चा पुरावा देऊन (इ) सिद्ध झाल्याचे भासवले जाते तेव्हा.

एक उदाहरण घेऊ. करारात सामील न होताही भारताची चीनबरोबरची तूट वाढतच गेली. २०२४-२५ मध्ये ती सुमारे ९९ अब्ज डॉलरवर पोहोचली. एक बाजू म्हणते, 'बाहेर राहून काय साधले?' दुसरी म्हणते, 'आत असतो तर याहून वाढली असती.' दोघांच्या हातांत आकडा एकच आहे. त्यांचा खरा मतभेद संकेतार्थी वाक्यात आहे आणि तेथे केवळ आकडा पुरत नाही. काय घडले असते, याची कारणपरंपरा उलगडून सांगावी लागते.

भाकितांविषयी ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. सार्वमतापूर्वी बाहेर पडण्याच्या बाजूच्या प्रचारकांनी ब्रिटन युरोपीय संघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, असे एका बसवर लिहिले. त्यात संघाकडून मिळणारी सवलत आणि परत येणारा निधी वजा केलेला नव्हता, आणि तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने तो आकडा दिशाभूल करणारा ठरवला. दुसऱ्या बाजूला, बाहेर पडण्याचा कौल मिळताच देशात मंदी येईल, असे भाकीत ब्रिटिश अर्थखात्याने मे २०१६ मध्ये केले. तशी तत्काळ मंदी आली नाही. म्हणजे एका बाजूची वस्तुस्थिती अपुरी होती आणि दुसऱ्या बाजूचे भाकीत चुकले. यावरून दोन्ही बाजू सारख्याच, असा सोपा निष्कर्ष मात्र काढू नये. प्रत्येक विधान कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखून त्या प्रकाराला साजेसा पुरावा मागावा, एवढाच बोध यातून घ्यावयाचा आहे.

५. 'आपण' म्हणजे कोण?

आता त्या विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' यात ऐकणारा वगळला जातो, 'आपण' यात तो सामावून घेतला जातो. इंग्रजीत हा भेद सर्वनामाच्या रूपाने दाखवता येत नाही. मराठी माणसाला मात्र तो लहानपणीच अवगत होतो. 'आम्ही जेवायला बसतो' आणि 'आपण जेवायला बसू' यांतील दुसऱ्या वाक्यातच पाहुण्यासाठी पान मांडलेले असते. आर्थिक वादात 'आपला फायदा' असे म्हणणारा लेखक असेच एक पान वाचकासाठी मांडतो. त्या पानात काही वाढले जाणार आहे की नाही, हे वाचकाने पाहावे.

त्यासाठी आपल्याच जिल्ह्याचा विचार करा. आंधळगाव, मोहाडी, पवनी येथे कोशाचे कापड विणले जाते. परदेशी रेशीम धागा स्वस्त झाला तर विणकराचा कच्चा माल स्वस्त होतो. पण ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळणाऱ्या कुटुंबाच्या मालाची मागणी त्याच वेळी घटू शकते. वरठीला पोलादाचा कारखाना आहे, गडेगावला वाहनांचा. स्वस्त आयात पोलाद पहिल्याला नकोसे आणि दुसऱ्याला हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. दोन्ही ठिकाणी याच जिल्ह्यातील मुले कामाला जातात.

धानाची गोष्ट आणखी वेगळी. भारत जगातील सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार आहे. त्यामुळे या पिकाला आयातीपेक्षा निर्यातीचा प्रश्न जवळचा. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. हा निर्णय कोणत्याही व्यापार गटाचा नव्हता, देशातील तांदळाचे भाव आटोक्यात ठेवण्यासाठी आपल्याच सरकारने तो घेतला होता. येथेही 'आपण' दुभंगतो. तांदूळ विकत घेणाऱ्या शहरातील मजुराला स्वस्ताई हवी आणि धान विकणाऱ्या लाखांदूरच्या शेतकऱ्याला भाव हवा.

मराठी वैचारिक परंपरेला हा प्रश्न नवा नाही. १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात लिहिलेल्या शतपत्रांमधून लोकहितवादींनी देशी माल वापरण्याचा आग्रह धरला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, मुक्त व्यापाराचा सिद्धान्त सर्व देशांना सर्व काळी सारखाच लागू पडत नाही, देशाची परिस्थिती पाहावी लागते, अशी मांडणी केली. या दोघांच्या लेखनातील 'आपण' म्हणजे परसत्तेखालील सगळा देश. शरद जोशी यांनी मात्र 'इंडिया' आणि 'भारत' असा भेद करून त्या एकसंध 'आपण'लाच आव्हान दिले. सरकारी निर्बंधांमुळे शेतमालाला जागतिक बाजारापेक्षा कमी भाव मिळतो, शेतकऱ्याला सबसिडी नव्हे तर 'उणे सबसिडी' मिळते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणूनच १९९० नंतरच्या दशकात डंकेल प्रस्तावाला अनेक शेतकरी नेते विरोध करीत असताना त्यांनी खुल्या बाजाराचे समर्थन केले. शेतकऱ्याचे हित हेच दोन्ही बाजूंचे घोषित ध्येय होते, निष्कर्ष मात्र परस्परविरोधी.

आपली प्रगती तपासा – २
लोकहितवादी आणि शरद जोशी यांच्या विचारातील 'आपण' या कल्पनेत कोणता फरक दिसतो?

६. दुधाच्या भावाचे उत्तर

तिचा दुसरा प्रश्न उरला : भाव वाढून मिळेल का?

दूध नाशवंत आहे. ज्या हंगामात ते अधिक येते, तेव्हा दूध संघ उरलेल्या दुधाची भुकटी आणि लोणी करतात. त्यामुळे भुकटीचा भाव पडला की संघाला दूध खरेदीचा भाव पूर्वीइतका देणे परवडत नाही. परदेशी भुकटीचा परिणाम भंडाऱ्याच्या संकलन केंद्रापर्यंत पोहोचण्याची वाट ही अशी आहे. तिच्या घरी परदेशी दुधाचा एक थेंबही आला नाही, तरी तिच्या भावावर परिणाम होऊ शकतो. म्हणून दूध उत्पादकांची भीती निराधार होती, असे म्हणता येणार नाही.

परंतु दुसरी वस्तुस्थितीही तितकीच खरी आहे. जुलै २०१८ मध्ये महाराष्ट्रात दूध दरासाठी मोठे आंदोलन झाले आणि शेवटी प्रतिलिटर २५ रुपये दर देण्याचे ठरले. त्या वेळी दूध भुकटीची मोठी आयात होत नव्हती. देशातच भुकटीचे साठे पडून होते आणि जागतिक बाजारातही भाव उतरलेले असल्याने ती बाहेर विकली जात नव्हती. म्हणजे आयात न होताही भाव पडतात.

तेव्हा उत्तर असे : २०१९ च्या निर्णयामुळे दुधाचा भाव वाढेल असे मानण्यास आधार नव्हता. भाव घसरण्याचे एक संभाव्य कारण दूर राहिले, इतर कारणे होती तशीच राहिली. अग्रलेखातील 'फायदा झाला' हे स्वार्थी विधान तिच्यापुरते 'नुकसान होऊ शकले असते, ते टळले' असे संकेतार्थाने वाचावयास हवे होते. या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. पहिले ऐकून ती भाववाढीची वाट पाहत बसली असती. दुसरे ऐकून उरलेल्या कारणांविषयी तिने आपल्या दूध संस्थेच्या सभेत प्रश्न विचारले असते.

समारोप

करारात सामील व्हावे की नाही, याचा निर्णय या घटकाने दिलेला नाही, आणि तो भाषेच्या अभ्यासकाचा अधिकारही नव्हे. परंतु निर्णयाविषयी जे बोलले जाते ते समजून घेण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाचा आहे. त्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. क्रियापदाने काय गृहीत धरले आहे? विधान झालेल्याविषयी आहे, होणाऱ्याविषयी आहे, न झालेल्याविषयी आहे, की व्हावे असे वाटणाऱ्याविषयी? आणि 'आपण' म्हणजे कोण? तुमच्यापैकी अनेक जण शेती, दुकान, नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. अशा वादांचे परिणाम तुमच्या घरापर्यंत पोहोचतात. म्हणून वरील प्रश्न परीक्षेनंतरही जवळ बाळगावेत.

स्वाध्याय

१. 'भारत बाहेर पडला', 'भारताने माघार घेतली' आणि 'भारताने नकार दिला' या तीन वाक्यांतील पूर्वगृहीतांची तुलना करा. (१५० शब्द)

२. व्यापार तूट म्हणजे नुकसान नव्हे, हा युक्तिवाद सांगून त्याच्या मर्यादांची चर्चा करा. (२०० शब्द)

३. स्वार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ यांतील प्रत्येकी दोन वाक्ये कोणत्याही एका आर्थिक विषयावरील अग्रलेखातून निवडा आणि प्रत्येकासाठी कोणता पुरावा लागेल ते लिहा.

४. उपक्रम : आपल्या गावातील दूध संकलन केंद्र, धान खरेदी केंद्र किंवा विणकरांची वस्ती यांपैकी एका ठिकाणी जाऊन दोन व्यक्तींशी संवाद साधा. त्यांच्या बोलण्यात 'आम्ही' आणि 'आपण' ही सर्वनामे केव्हा येतात याची नोंद करा आणि पुढील संपर्कसत्रात ती वाचून दाखवा.